फळीला पट्टी असलेली बोट

आई, मी बोट घेतली. हे ऐकून तू ओले हात पदराला पुसत विचारणार, "कसली बोट गो? कोणाची?" माझी. शिडाची, पांढरी, कडेने निळा पट्टा असलेली, लालबागच्या आपल्या चाळीतल्या दोन खोल्या एकापुढे एक ठेवल्या तर होतील तेवढ्या लांबीची. मासे धरायची नाही, माल वाहायची नाही, नुसती फिरायची. आत चार माणसं झोपतील एवढी जागा आहे, स्वयंपाकाचा छोटासा ओटा आहे, आणि तू हसणार हे माहीत असूनही सांगते, आतच संडास आहे, दाराला कडी असलेला, बाहेरून कुणी बादली वाजवणार नाही असा. लोक निवृत्त झाल्यावर काशीला जातात, गुडघे बदलून घेतात, मुलाच्या फ्लॅटमध्ये जाऊन नातवंडं सांभाळतात. मी लग्नाच्या भानगडीत पडले नाही, त्यामुळे नातवंडांचा प्रश्न नव्हता, आणि गुडघे अजून बरे आहेत. मग बोट घेतली.

आत्ता त्याच बोटीत बसून लिहितेय. पेन मधूनच टेबलावरून गडगडतं, म्हणून अक्षर असं. बोट किनाऱ्यापासून थोडी आत बांधून ठेवलेली आहे आणि भरतीच्या पाण्यावर डुलतेय. उजव्या खिडकीतून मुंबई दिसते, डावीकडून नुसतं पाणी आणि दोन मोठी जहाजं. ओहोटी लागली की बोट आपणहून तोंड फिरवेल आणि मुंबई डाव्या खिडकीत येईल. तीच निघायची वेळ, कारण मग पाणीच बंदराबाहेर नेतं. आज मांडव्यापर्यंत जायचं. तिथून एकेक टप्पा करत, मुरूड, श्रीवर्धन, दाभोळ, जिथे आडोसा मिळेल तिथे थांबत, विजयदुर्गच्या खाडीत. तुझ्या बंदरात. सगळी कागदपत्रं झाली आहेत, पाणी भरलंय, वारा उत्तरेचा आहे. फक्त एक गोष्ट नाही. धाकटा अजून आलेला नाही.

त्याला मी अजून धाकटाच म्हणते, त्याच्या मिशा पिकल्या तरी. एकटीने जायचं नाही, दोन माणसं तरी हवीत, असं मला शीड हाकायला शिकवणाऱ्या मुलीने बजावून सांगितलंय, आणि ते बरोबर आहे. दुसरा माणूस म्हणजे तो. काल फोनवर म्हणाला, "बघतो, ताई." मुंबईत "बघतो" म्हणजे काय ते तुला सांगायला नको. आज तो आला नाही तर वारा फिरेल, मग पाऊस, मग बोट वर काढून झाकून ठेवायची. यंदा गेलो नाही तर विकून टाकायची, हे माझं आणि त्याचं ठरलंय. घेणारा तयार आहे. म्हणजे सगळं त्या "बघतो"वर आलंय, आणि मी सकाळपासून दर दोन मिनिटांनी खिडकीतून डोकं काढतेय. दहावीच्या निकालाचीही इतकी वाट पाहिली नव्हती.

हे खूळ आलं कुठून, असं तू विचारशीलच. निवृत्त झाल्यावर गिरगाव चौपाटीवर फिरायला जात होते. तिथे मोठ्या माणसांना शीड हाकायला शिकवतात असा बोर्ड होता. चौकशीला गेले आणि पैसे भरूनच आले. शिकवणारी माझ्या निम्म्या वयाची, उन्हाने काळवंडलेली, खणखणीत आवाजाची. पहिल्या दिवशी शिडाची दांडी माझ्या डोक्यावर आपटली आणि मी मोठ्याने हसत सुटले. तिला वाटलं बाईला जोरात लागलंय. खरं म्हणजे मला इतका आनंद झाला होता की दुसरं काही सुचेना. इंजिन नाही, आवाज नाही, नुसता वारा, आणि हातातली दोरी ओढली की सगळं अंग पुढे जातं. मला ते अजून नीट सांगता येत नाही. एकदा ती लांबच्या सफरींबद्दल बोलत होती. म्हणाली, "मावशी, तुम्हाला विचित्र वाटेल, पण तिथे एकच गादी दोघं वापरतात. एक उठून कामावर गेला की दुसरा त्याच गादीवर झोपतो." मी म्हटलं, "अगं, आमच्या शेजारच्या खोलीत तेच होतं. दिवसपाळीवाले उठले की रातपाळीवाले आडवे व्हायचे. गादी कधी थंड झालेली मी पाहिली नाही." तिला वाटलं मी गंमत करतेय.

गंमत कसली. त्या शेजारच्या खोलीतले सगळे आपल्याकडे जेवायला होते, आणि वरच्या मजल्यावरचेही. एका खोलीत आपण चौघं, तुझी खानावळ, तिन्ही पाळ्यांची जेवणं, आणि भिंतीला लागून गिरणी. तुझा हात कधी चाचपडलेला मी पाहिला नाही. मीठ कुठे, कोकम कुठे, उलथनं कुठे, मान न वळवता तुझा हात बरोबर तिथे जायचा. मला मात्र त्या स्वयंपाकाचा राग होता. कांदा, खोबरं, बांगड्याचा वास, तो केसांतून शाळेपर्यंत यायचा. मी पुस्तक घेऊन गॅलरीत पळायचे. तू म्हणायचीस, "पळ पळ. भूक लागली काय हयच येतलंस." मी येत होते, हे खरं आहे.

आणि ती पट्टी. गिरणीत कापड विणणारे साचे चालू असले की आपली भिंत बारीक थरथरायची आणि फळीवरचे डबे पुढे पुढे सरकायचे. सकाळी मागे लावलेला हळदीचा डबा दुपारपर्यंत कडेला. एकदा तिखटाचा डबा रटरटणाऱ्या आमटीत पडला आणि तिसऱ्या पाळीची माणसं डोळे पुसत जेवली. दुसऱ्याच दिवशी तू बाबांना फळीच्या पुढच्या कडेला बोटभर उंचीची लाकडी पट्टी मारायला लावलीस. म्हणालीस, "माझ्या बापाशीच्या मचव्यात प्रत्येक फळयेक अशी पट्टी होती." आजोबा मालाच्या मचव्यावर स्वयंपाकी होते, कौलं आणि नारळ घेऊन मुंबईला यायचे, हे मला तेव्हा कळलं. तुझा तो चेहरा आठवतोय. तू कधी मोठेपणा सांगणारी नव्हतीस, पण ते वाक्य तू ताठ मानेने म्हणालीस, "माझ्या बापाशीन समुद्रार भात शिजवल्यान, मी चाळीत शिजवतंय. फरक काय तो इतकोच." लग्न होऊन तू बोटीने भाऊच्या धक्क्यावर उतरलीस तेव्हा सगळी बोट ओकत होती आणि नवी नवरी लिंबाचं लोणचं वाटत फिरत होती, ही गोष्ट तर किती वेळा ऐकली. "रिकाम्या पोटार बोट लागता," हे तुझं ठाम मत.

मग संप झाला. सगळे मोर्च्यांबद्दल, भाषणांबद्दल सांगतात. मला आठवते ती शांतता. भिंत थरथरायची थांबली. सकाळी डबे जिथे ठेवले तिथेच संध्याकाळी. पहिले काही दिवस तर मला झोपच येईना. मग तुझे जेवणारे एकेक करून गावाला जायला लागले, ट्रंका आपल्याकडे ठेवून, "संप मिटलो काय येतलंव" म्हणत. तू प्रत्येकाला वाटेसाठी भाकरी आणि सुकट बांधून दिलीस. आपण धाकट्याला घेऊन भाऊच्या धक्क्यावर त्यांना पोचवायला गेलो, ते दिसतंय मला. बोट सुटते, माणसं हात हलवतायत, आणि तू हात हलवत नाहीस, नुसती बोटीकडे बघत उभी आहेस. मी विचारते, "आई, तुला जायचंय?" तू म्हणतेस, "जावचा तर हा. पण गेलंय तर बोटीनच, एसटीन नाय."

बाबांचे हात घरात बसून शिवशिवायला लागले. विणकराचे हात ते, त्यांना स्वस्थ बसवेना. हातोडी घेऊन दिवसभर खोलीत फिरायचे, दार बसव, पाटाचा पाय ठोक. एक दिवस त्यांची नजर त्या पट्टीवर गेली. आता काही हलत नाही, डबा काढताना उगाच उचलून घ्यावा लागतो, काढून टाकतो, म्हणाले. तू चुलीपुढून उठलीससुद्धा नाहीस.

"पट्टीयेक हात लावू नकात. गिरण सुरू झाली मगे?"

"होतली तेव्हा परत मारीन."

"होतली म्हणतास ना? मगे ऱ्हवांदे तशीच."

बाबांनी हातोडी खाली ठेवली. मी गॅलरीत पुस्तक उघडं ठेवून ऐकत होते आणि पान उलटायला विसरले. गिरणी सुरू झाली नाही. तू गिरगावात एका मंगल कार्यालयात पोळ्या लाटायला जायला लागलीस, मग तिथलीच मुख्य स्वयंपाकीण झालीस. ट्रंका न्यायला काहीजण आले, काही आलेच नाहीत. पुढे कोकणची बोटही बंद झाली, आणि तुला गावाला न्यायची वेळ आली तेव्हा एसटीनेच न्यावं लागलं. तू वाटभर खिडकीला पाठ करून बसलीस. नंतर दोनच वर्षं जगलीस. पट्टी मात्र तू असेपर्यंत आणि तू गेल्यावरही होती तिथेच होती. डबा घ्यायचा तर उचलून घ्यायचा, ही सवय अजून माझ्या हाताला आहे.

आता बोट कशी घेतली ते ऐक, मग मला रागव. विकणारे कुलाब्याचे म्हातारे गृहस्थ, जहाजावर इंजिनियर होते, मुलीकडे परदेशी निघालेले. बोट पाण्याबाहेर लाकडी घोड्यांच्या टेकूवर उभी केलेली. मला शिकवणारीने चार चार वेळा सांगितलं होतं की आधी तळ बघा, डोलकाठीचा पाया बघा, तारा बघा, शिडं उलगडून बघा. मी शिडी चढून सरळ आत गेले. समोर ओटा, झोक्यावर टांगलेली शेगडी, बोट कलली तरी भांडं सरळ राहावं म्हणून. ओट्याखाली खण, गादीखाली खण, पायरीखाली खण, एक वीत जागा फुकट घालवलेली नाही. ते गृहस्थ बिचारे संकोचून म्हणत होते, "जागा जरा छोटी आहे हं, चार जणांना अडचण होते." मला हसू आवरेना. आणि मग वर बघितलं तर फळी, आणि फळीच्या पुढच्या कडेला बोटभर उंचीची लाकडी पट्टी.

आई, माझा हात आपोआप वर गेला आणि मी तिथला साखरेचा डबा उचलून घेतला. उचलून. ओढून नाही.

त्यांनी विचारलं, "मॅडम, खालून बघायचं नाही? सगळे आधी खालून बघतात." मी म्हटलं, "गॅसचा सिलिंडर कुठे ठेवता?" ते खूश झाले. "स्वयंपाकाची आवड दिसतेय तुम्हाला." मी हो म्हटलं. त्याच दिवशी बयाणा देऊन आले.

व्हायचं तेच झालं. होड्या-जहाजं दुरुस्त करतात त्या दारुखान्यात बोट नेली आणि तिथल्या मिस्त्रींनी डोलकाठीच्या पायाशी हातोडीच्या दांड्याने ठोकून पाहिलं, तर टणक आवाज यायच्या जागी भद् भद्. "बाय, यो लाकूड पार कुजलाय. काठी उभी ऱ्हानार नाय." धाकट्याला कळल्यावर तो अर्धा तास हसला. "ताई, खोली घेताना पण माणूस छताची गळती बघतो. तू भांड्यांची मांडणी बघून घर घेतलंस." मी चिडले, पण त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. दुसऱ्या कुणी असली चूक केली नसती, आणि दुसरी कुठली चूक मला सुचलीही नसती. दुरुस्तीत अख्खा मोसम गेला. आणि कहर म्हणजे कुजलेल्या भागापर्यंत पोचायला मिस्त्रींना ओट्यावरची फळी उचकटावी लागली आणि पट्टीचे तीन तुकडे झाले. ज्या पट्टीसाठी बोट घेतली तीच गेली. फळी परत बसली, पण पुढची कड उघडी. मी तिथे टॉवेल गुंडाळून लावते आणि पहिल्याच लाटेला मीठ-मिरी सगळं अंगावर येतं.

तरी सांगते, पश्चात्ताप झाला नाही. दर शनिवारी दारुखान्यात जात होते, घासकाम करत होते, रंग लावत होते. नखांत निळा रंग घेऊन लग्नांना गेले. धाकटाही यायचा. करी रोडच्या बाजूला जिथे आपली गिरणी होती तिथल्या टॉवरच्या लिफ्टची देखभाल तो करतो. डोलकाठीच्या तारा बघून म्हणाला, "ह्या तर आपल्या ओळखीच्या," आणि प्रत्येक तार हाताने छेडून, ऐकून, ताणून बसवून दिली. काम जमिनीवर होतं तोवर तो माझ्यापेक्षा जास्त रमला. बोट पाण्यात उतरली आणि सगळं बिनसलं. त्याला पाण्याची भीती, आणि बोट लागते. एसटीतही घाटात पिशवी धरून बसायचा, तू लिंबू हुंगायला द्यायचीस. तारा तपासायला म्हणून एकदा आत आणला तर कठडा सोडायला तयार नव्हता. दोन-तीनदा जवळच फिरवून आणलं, दोऱ्या धरायला शिकला, पण चेहरा पांढराफटक. त्यात चाळ पाडायला घेतलीय. तो शेवटपर्यंत तिथेच राहत होता, गेल्या महिन्यात खोली रिकामी केली. मी विचारलं, आईचं काही होतं का रे? म्हणाला, "भंगार होतं सगळं." मला वाईट वाटलं. रिकाम्या खोलीला कुलूप लावताना त्याला काय वाटलं असेल, ते मला कळत होतं.

आई, बोट वळली. मुंबई हळूहळू डाव्या खिडकीत सरकतेय. ओहोटी लागली. तो आलेला नाही. वर जाऊन पाहून येते.

आला. आई, आला. कोळ्याच्या होडीत मधोमध बसून, दोन्ही कडा घट्ट धरून, किनाऱ्यावरूनच तरंगायचं जाकीट चढवून, डोळे मिटून. होडीवाला हसत होता. मांडीवर वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी लांबट. मी हात दिला, तर म्हणाला, "बोलू नकोस, ताई. बोललीस तर मी परत जाईन." आत शिरताना डोकं आपटलं, तेही मुकाट्याने सोसलं. वर्तमानपत्र सोडलं, खिशातून स्क्रू काढले आणि ओट्यापुढे गुडघ्यांवर बसला.

तुझी पट्टी. तेलाने काळी झालेली, मधोमध तुझ्या बोटांनी गुळगुळीत केलेली, बाबांच्या खिळ्यांची भोकं तशीच. दोन्ही टोकं नवीन कापलेली.

"माप कधी घेतलंस?"

"तू तारा बघायला आणलंस तेव्हा. उलटी व्हायच्या आधी."

मग पाठमोराच, स्क्रू पिळत म्हणाला, "तिथे आता काय हलत नाही, ताई. इथे हलेल."

मी फळीवर डबे परत मांडले, मिठाचा पुढे, हळदीचा मागे, तू मांडायचीस तसेच. तेवढ्यात एक लाँच जवळून गेली, बोट चांगलीच कलली, डबे सरकत पुढे आले आणि टक्कन पट्टीला अडून उभे राहिले. आम्ही दोघं एकमेकांकडे बघून हसत सुटलो. रडलोही असू. मला इतका आनंद झालाय की अक्षर आणखीच वाकडं येतंय, आणि या वेळी बोटीला दोष देता येणार नाही.

आता शीड वर चढवायचं. हे कागद घडी करून मिठाच्या डब्यामागे ठेवते. पोस्टाने टाकून ते तुझ्यापर्यंत पोचायचे नाहीत, आणि इथून ते पडणारही नाहीत.

धाकटा वरून ओरडतोय, "ताई, आई म्हणायची रिकाम्या पोटी बोट लागते. आधी भात टाक." उकडे तांदूळ आणलेत मी. टोपही आहे. आई, एक सांगायचं राहिलं. या शेगडीला मी अजून काडी लावलेली नाही. आयुष्यभर डबा लावून जेवले. उकड्या भाताला पाणी किती घालायचं ते मला माहीत नाही, आणि खरं तर तेवढंच विचारायला मी हे पत्र लिहायला बसले होते.